आप्पांना कोरडं ठेवताना

मला मोटारसायकल आप्पांनी शिकवली. तेव्हा त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि मी पस्तिशीला टेकले होते. मैंदर्गीच्या बाहेरच्या ज्या माळावर त्यांनी जन्मभर मेंढरं चारली, तिथंच ते माझ्या मागं बसायचे आणि खांद्यावरून सांगायचे, "क्लच हळू सोड, अव्वा. मेंढीच्या खुरातला काटा काढताना हिसका मारतो का आपण? तसंच हे."

अव्वा म्हणजे कानडीत आई. मी त्यांची मुलगी, पण लहानपणापासून ते मला अव्वाच म्हणायचे. आमच्या गावात अर्धं बोलणं कानडी, अर्धं मराठी. कुठलं कुठं सुरू होतं ते कुणाला कळत नाही.

गाडी त्यांचीच, जुनी. एकदा मी तिच्यासकट त्यांना बाभळीत घातलं. काटे त्यांच्या उजव्या हाताला लागले म्हणून आम्ही दोघंही हसलो. डाव्या हाताला लागले असते तर हसलो नसतो. डाव्या हाताच्या दोन नसा ऑपरेशन करून एकमेकींना जोडल्या होत्या. तिथंच सुया टोचून त्यांचं रक्त डायलिसिसच्या मशीनला जोडायचे. त्या जागेवर बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरल्यासारखं लागायचं. रोज सकाळी उठल्यावर आणि झोपण्यापूर्वी मी बोट ठेवून बघायचे. गुरगुर आहे म्हणजे हात चालू आहे. हात चालू आहे म्हणजे आप्पा आहेत.

आई कधीच गेली होती. भाऊ पुण्याला कंपनीत, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. मी नवऱ्याचं घर सोडून परत आलेली, ओसरीवर शिलाई मशीन टाकून गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. सोलापूरला दवाखान्यात आठवड्यातून दोनदा जायचं, तर न्यायला मीच होते. सुरुवातीला एसटीनं गेलो. परत येताना अक्कलकोट स्टँडवर गाडी बदलायची असायची. तिथं एकदा आप्पा गर्दीत उभ्या उभ्या खाली बसले, मग आडवेच झाले. लोकांना वाटलं, म्हातारा पिऊन आलाय. एक जण मला म्हणाला, "भर दुपारी पाजू नका हो असं." त्या दिवशी घरी आल्यावर आप्पा म्हणाले, "एस्टी बास. तू गाडी शीक."

उन्हाळ्यात जमलं. पावसाळा सुरू झाला आणि खरी कसोटी लागली.

ज्यांनी हे बघितलं नाही त्यांना सांगायला हवं की डायलिसिस झालेल्या माणसाला थंडी कशी वाजते. रक्त तासन्‌तास बाहेरच्या नळ्यांतून फिरतं. आप्पा म्हणायचे, "गार पाण्याची घागर आत ओतल्यागत वाटतंय." भर उन्हात, सोलापूरच्या उन्हात, ते दवाखान्याच्या पायरीवर कुडकुडत बसायचे. हा माणूस पूर्वी भाद्रपदाच्या झडीत माळावर मेंढरांत झोपलेला. अंगावर एक घोंगडं, डोक्याखाली दगड. पावसाला ते कधी पाऊस म्हणायचेच नाहीत, 'आलाय जरा' म्हणायचे. आता ढग दिसला की माझ्या आधी त्यांचा चेहरा उतरायचा.

सोलापूरच्या नवी पेठेतून मी त्यांच्यासाठी रेनसूट आणला, विजार आणि कोट असा. पहिल्याच पावसात कळलं की दुकानात कोरडं राहणं वेगळं आणि गाडीवर वेगळं. गाडीवर पाऊस वरून पडत नाही, समोरून येतो, खालून चाकातून येतो. पुढच्याच्या पाठीवरून ओघळून मागच्याच्या मांडीत साठतो. आप्पा उतरले की त्यांच्या मांडीवरून ओंजळभर पाणी सांडायचं आणि विजारीचा मधला शिवणीचा भाग चिंब. कोटाच्या मनगटाला रबर होतं. डाव्या हातावर काहीही घट्ट चालत नाही म्हणून मी ते कापलं, तर पाणी बाहीतून सरळ कोपरापर्यंत.

मी शिवणारी बाई. मला दिसत होतं, चूक कुठं आहे ती. सुई जिथं जिथं जाते तिथं तिथं भोक पडतं, आणि प्रत्येक भोक पाण्याला वाट देतं. मी सगळी शिवण उसवली, पट्ट्या एकमेकींवर चढवून पुन्हा शिवली आणि वरून पंक्चर काढायचं सोल्युशन बोटानं फासलं. घरभर त्याचा वास. आप्पा खाटेवर पडून बघत होते. म्हणाले, "मला पंक्चर काढायलीस व्हय गं?"

छातीवर वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या, म्हणजे वारा भेदत नाही. पायात मोजे, त्यावर दुधाच्या पिशव्या, त्यावर बूट. तरीही वळसंगपर्यंत येईतो त्यांचे दात वाजायचे, आणि हेल्मेटमधून मला ते ऐकू यायचे.

एक गोष्ट मला अजून सहन होत नाही. त्यांना पाणी प्यायला बंदी होती. दिवसाला दोन-तीन पेले, त्यात चहा धरायचा, आमटी धरायची. जास्त पाणी प्यालं तर ते बाहेर जायला वाट नाही, फुफ्फुसात साठतं. एकदा कुंभारीच्या पुढं असाच मोठा पाऊस लागला. आरशात बघितलं तर आप्पांनी हेल्मेटची काच वर केलेली, मान मागं टाकलेली आणि तोंड आभाळाकडं उघडं. डोळे मिटलेले. जीभ बाहेर. आमच्या मेंढ्या उन्हाळ्यात हापश्याखाली अशाच उभ्या राहायच्या.

मी ओरडले, "आप्पा! तोंड झाका! काच खाली घ्या!"

त्यांनी निमूट काच खाली घेतली. बऱ्याच वेळानं मागून आवाज आला, "थेंबाथेंबानं काय हुतंय, अव्वा."

मी गाडी चालवत राहिले. पाऊस तोंडावर होता, त्यामुळं रडू आलं तरी फरक पडत नव्हता.

घोंगडं बरोबर घ्यायचं, हा त्यांचा हट्ट होता. मी नको म्हणायचे. भिजलं की ते मणाचं होतं, आणि त्याचं टोक चेनमध्ये गेलं तर दोघंही रस्त्यावर. एकदा खरंच टोक चाकाकडं ओढलं गेलं. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून थांबवलं म्हणून वाचलो. घरी आल्यावर आप्पांनी ते घोंगडं अंगणात पसरलं. काळंभोर, कडेला पांढरी पट्टी. त्यांच्याच मेंढरांची लोकर, त्यांच्या लग्नाच्या वेळी विणून घेतलेलं. त्यावर हात फिरवत ते म्हणाले, "काप."

"काय?"

"बंडी शीव ह्याची. बिनबाहीची. कोटाच्या आत घालतो. लोकर भिजली तरी ऊब सोडत न्हाय."

"आप्पा, हे कापायचं नसतं."

"मग काय, माझ्यावर घालून जाळायचं हाय का? काप की."

माझ्या कात्रीला ते जाईना. मशीनच्या सुया मोडल्या. शेवटी पोती शिवायच्या दाभणानं हातानं शिवलं. ती बंडी घालून ते कोट चढवायचे तेव्हा पूर्वीसारखे आडवे दिसायचे, रुंद. आत हाडं राहिली होती.

डायलिसिसनंतर त्यांना ग्लानी यायची. गाडीवर डोळा लागायचा. माझ्या खांद्यावरचा हात सैल पडला की मी गाडी कडेला घेऊन त्यांना हलवायचे. मी जुन्या सुती साडीचा रुंद पट्टा शिवला आणि त्यांना माझ्या पाठीशी बांधायला लागले, लहान लेकराला झोळीत बांधतात तसं. पहिल्यांदा बांधलं तेव्हा त्यांनी मान फिरवली. दवाखान्याबाहेरचे रिक्षावाले बघत होते. आप्पा हळूच म्हणाले, "सोड. लोकं बघायलेत."

"बघू देत. पडलात तर उचलायला येणारेत का ते?"

"तू लेक हायस, बाई. बापानं लेकीला असं धरून बसायचं..."

मी गाठ मारली. काही दिवसांनी त्यांची लाज गेली. किंवा लाज वाटण्याइतकी ताकद राहिली नाही. दोन्ही एकच होतं.

परतीचा पाऊस त्या वर्षी वाईट आला. त्या दिवशी सकाळी निघताना आभाळ मोकळं होतं. दुपारी आप्पा मशीनवरून उतरले तेव्हा त्यांचा रक्तदाब खाली आला होता. सिस्टर म्हणाल्या, थोडं थांबा. आम्ही थांबलो. तोवर दक्षिणेकडं शाईसारखं झालं. अक्कलकोट ओलांडलं आणि पावसानं गाठलं. असा पाऊस की पुढच्या दिव्याचा उजेडही दिसेना. गावाच्या अलीकडं एक ओढा आहे, बुटका पूल. तिथं पोचलो तर पूल नव्हता, नुसतं पाणी. तांबडं, फेसाळ, बाभळीच्या फांद्या घेऊन चाललेलं. अलीकडं दहा-पंधरा गाड्या थांबलेल्या. कुणी परत वळत होतं, कुणी फोनवर बोलत होतं. मीही परत वळायला बघितलं. मागं रस्त्यावर आडवं झाड पडल्याचं कुणीतरी सांगितलं.

गाडी चालू होती तोवर मला वाटत होतं, पाठीला जी थरथर लागतीय ती इंजिनाची. मी चावी फिरवली. इंजिन बंद झालं. थरथर तशीच राहिली.

"आप्पा?"

नुसते दात वाजत होते. मी पट्टा सोडला तर ते माझ्यावर कलले. ओठ निळे. मी उभ्या पावसात त्यांना मिठीत धरून उभी होते आणि कुठं न्यावं ते कळत नव्हतं. एवढी माणसं होती तिथं, पण ज्याचा त्याचा जीव त्या पाण्याकडं लागलेला.

रस्त्याच्या कडेला शेतात एक पत्र्याचं घर होतं. दारातून एक बाई हात करत होती. साठीची असेल. "बर्री! ओळगं बर्री!" या, आत या. मी ओरडले, माणूस चालू शकत नाही. ती पदर कमरेला खोचून चिखलातून धावत आली. तिनं एक बाजू धरली, मी एक. आप्पांचे पाय नुसते ओढत होते.

घरात शेळ्या होत्या, चूल होती, एक खाट होती. तिनं चुलीत तुराट्या सारल्या आणि मला म्हणाली, "वल्लं काढ सगळं. आधी अंग कोरडं."

कोट काढला. कोटाखाली बंडी जड झाली होती, पण तिच्या आतलं अंग हातापायांपेक्षा गरम होतं, एवढं मला हाताला कळलं. बाकी सगळं चिंब. माझ्या सगळ्या पट्ट्या, सगळं सोल्युशन, त्या पावसापुढं काही नव्हतं. मी थांबले. पुढं बापाचे कपडे कसे काढायचे? बाईनं माझ्याकडं बघितलं. "तू शेळ्यांकडं तोंड कर," ती म्हणाली. "मी करतो. माझा नवरा वर्षभर हातरुणात होता. मला सवय हाय."

ती कानड्यांच्या मराठीत बोलत होती, 'करतो' म्हणत होती. मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. मागं आप्पांचा आवाज, क्षीण, "नगं... नगं बाई..." आणि तिचा, "कोण बघत न्हाय यजमान. शेळ्याच हायती."

मी वळले तेव्हा आप्पा चुलीपुढं बसले होते आणि त्यांच्या अंगावर हिरवं लुगडं होतं. नवऱ्याचे कपडे तिनं कधीच देऊन टाकले होते, घरात होतं ते हेच. दोन पदरी गुंडाळलेलं, डोक्यावरूनसुद्धा घेतलेलं. वर त्यांच्या पांढऱ्या मिशा. एरवी मला हसू आलं असतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि लगेच विस्तवाकडं बघायला लागले. मग म्हणाले, "ऊब हाय."

बाईनं चहा केला. पितळी भरून दिली. मी सांगितलं, त्यांना इतकं चालत नाही, दोन घोट फक्त. तिला वाटलं, आम्ही तिच्या हातचं घ्यायला तयार नाही. तिचा चेहरा बदलला. तेव्हा आप्पांनी ती पितळी दोन्ही हातांत धरली, छातीशी धरली. दोन घोट घेतले. बाकीचा चहा गार होईपर्यंत तशीच धरून बसले. "ह्यो प्यायचा न्हाय, बाई," ते तिला म्हणाले, "ह्यो धरायचा हाय."

मी त्यांचे तळवे चोळत होते. डाव्या हातावर बोट ठेवून बघितलं. गुरगुर होती, लांबून येत असल्यासारखी. पण होती.

संध्याकाळी पाणी उतरलं. तिनं लुगडं परत घेतलं नाही, त्यावरूनच कोट घालायला लावला. दिवेलागणीला आम्ही घरी पोचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखं बोट ठेवलं. काही लागलं नाही. जागा बदलली. तिथंही नाही. कान लावला. आप्पा माझ्याकडं बघत होते. म्हणाले, "रात्रीच बंद झालंय ते. मला कळलं. तुला झोप लागली हुती म्हणून उठवलं न्हाय."

सोलापूरला डॉक्टरांनी तपासलं. रक्तदाब पडला की अशी नस बसते, म्हणाले, होतं असं. मी पावसाचं विचारलं, थंडीचं विचारलं. ते म्हणाले, हेही असेल, तेही असेल, सांगता येत नाही. उघडायचा प्रयत्न झाला, उघडली नाही. दुसऱ्या हाताच्या नसा बारीक निघाल्या. शेवटी गळ्याखाली छातीत नळी बसवली. तिची दोन टोकं बाहेर, त्यावर पांढरी पट्टी.

सिस्टरनी मला बाजूला घेतलं. "ताई, एकच ध्यानात ठेवा. ही जागा ओली होऊ द्यायची नाही. आंघोळीचं पाणी नाही, घाम नाही, पाऊस तर नाहीच. इथनं जंतू गेले तर थेट रक्तात जातात."

आतापर्यंत कोरडं ठेवायचं ते बरं वाटावं म्हणून. आता तळहाताएवढी जागा कोरडी राहिली तर माणूस राहणार होता.

पावसाळा संपला तसा मी सुटकेचा श्वास सोडला. पण हिवाळा आला. पहाटे निघायचं, आणि आमच्या मोकळ्या रानात वाऱ्याला अडवायला काही नाही. पुढं बसणाऱ्याच्या हातांची बोटं आधी दुखतात, मग दुखायची थांबतात, ते जास्त वाईट. ब्रेक दाबला की नाही ते कळत नाही. मी हातमोज्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवायचे. वळसंगला टपरीपाशी थांबून इंजिनाला तळवे लावायचे. माझ्या पाळीच्या दिवसांत पोटात कळा यायच्या, पाठ गोठायची, आणि पाठीशी बांधलेल्या आप्पांना काही कळू नये म्हणून मी ताठ बसायचे. वारा माझ्यावरून गेला तर त्यांच्यावर कमी जातो. मी भिंत झाले होते. भिंतीला थंडी वाजते का, असं कुणी विचारत नाही.

ऐन थंडीत एका पहाटे अवकाळी सुरू झाला. भावाला फोन केला. तो म्हणाला, "आजचा दिवस जाऊ दे. एक दिवस नाही गेलं तर काय होतंय?"

"रात्रभर त्यांना आडवं झोपता आलं नाही," मी म्हटलं. "धाप लागलीय. पाणी झालंय आत."

"मग जीप कर."

गावातल्या दोन्ही जीप लग्नाला गेल्या होत्या. मी फोन ठेवला.

त्या नळीसाठी मी आधीच एक गळपट्टा शिवून ठेवला होता, रेनकोटच्या कापडाचा, हनुवटीपासून छातीपर्यंत, एकही शिवण पुढं न घेता. तो बांधला. वर बंडी, वर कोट, वर पोतं. आप्पांनी मान वर करून सगळं करून घेतलं. त्यांना बोलायलासुद्धा दम पुरत नव्हता. सगळा रस्ता मी तोंडावर पाऊस घेतला. मागून त्यांची धाप माझ्या मानेवर लागत होती, आणि ती लागतीय म्हणून बरं वाटत होतं.

दवाखान्यात सिस्टरनी एक एक थर उलगडला. पोतं, कोट, बंडी. गळपट्टा. मग पट्टीवर बोट टेकवलं. "कोरडी आहे," त्या म्हणाल्या. "हाडासारखी कोरडी." मी बाहेर येऊन बाकावर बसले. माझ्या बुटांतून पाणी फरशीवर येत होतं. झाडणारी बाई फडकं घेऊन आली आणि माझ्या पायाभोवतीनं पुसून गेली.

त्या दिवशी परतताना ऊन पडलं होतं. टपरीपाशी थांबलो. मी चहा घेत होते, आप्पा रिकामा कप हुंगत होते. ते म्हणाले, "अव्वा, एक बोलू का? रागावशील."

"बोला."

"मला मरायचं भ्या न्हाय वाटत. त्या थंडीचं वाटतंय. मशीनवरनं उतरतो, आन् पुढचा रस्ता डोळ्यांपुढं येतो."

मी म्हटलं, "उन्हाळा येईल आता."

"व्हय," ते म्हणाले. "येईल की." आणि त्यांनी विषय सोडून दिला. मी धरून ठेवायला हवा होता का, माहीत नाही. तेव्हा मला बोलायचं नव्हतं आणि त्यांना ते दिसत होतं.

पंधरा-वीस दिवसांनी मशीनवर असतानाच त्यांना हुडहुडी भरली. बाहेर दुपारचं ऊन, पाऊस नाही, वारा नाही, पट्टी कोरडी. मी त्यांच्यावर दोन ब्लँकेटं टाकली, बंडी टाकली, माझा स्वेटर टाकला. खाट हलत होती. सिस्टर म्हणाल्या, ताप चढतोय, रक्तात गेलंय. मी म्हटलं, पट्टी कोरडी आहे, बघा ना तुम्ही. त्या म्हणाल्या, "ताई, पाणीच लागतं असं नाही. तुमचं काही चुकलेलं नाही."

मी त्यांच्या अंगावर पडून त्यांना दाबून धरलं. ही थंडी बाहेरून आलेलीच नव्हती. तिच्याविरुद्ध मला काही शिवता येत नव्हतं. त्यांचं अंग भाजत होतं आणि ते म्हणत होते, "काच खाली घे... वारं लागतंय..." मी हातानं त्यांच्या तोंडापुढं आडोसा केला, हेल्मेटची काच असते तसा. तेव्हा थोडे शांत झाले.

भाऊ दुसऱ्या दिवशी पोचला. आप्पांनी त्याला ओळखलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

ॲम्ब्युलन्समध्ये भाऊ त्यांच्याजवळ बसला. मला म्हणाला, "तू बस इथं, गाडी मी आणतो." पण त्याला मोटारसायकल चालवून बरीच वर्षं झाली होती. मी म्हटलं, गाडी माझी मी आणते. दवाखान्याच्या आवारात ती तीन दिवस उभी होती, सीटवर धूळ बसलेली. मी ॲम्ब्युलन्सच्या मागं निघाले. ती सायरन न लावता हळू चालली होती. ऊन लख्ख होतं. रस्ता कोरडा. पाठीवर वारा लागत होता, आणि इतक्या महिन्यांत तो तिथं कधी लागलाच नव्हता.

कुंभारीच्या पुढं इंजिन अडखळलं. गाडी रिझर्व्हला आली होती. मी हॉर्न वाजवला, दिवा दाखवला. ॲम्ब्युलन्स पुढं निघून गेली, त्यांना कळलं नाही. पंप जवळच होता. मी वळले. तिथं ओळ होती, दोन ट्रॅक्टर, काही मोटारसायकली, एक पिकअप. मी ओळीत उभी राहिले. रस्त्यावर ती पांढरी गाडी लहान होत होत दिसेनाशी झाली. सांगितलं असतं तर लोकांनी मला पुढं सोडलं असतं. सांगायला तोंडच उघडेना.

"ओ ताई," मागचा माणूस म्हणाला, "सरका की पुढं."

मी पाय टेकवत टेकवत गाडी पुढं सरकवली.